गॅरेजची जमीन बदलण्याआधी दीड फूट उकरून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी तालुक्यात घराला लागून १२ बाय २० फुटांची पत्र्याची शेड आहे. आत कार कायम असते, ट्रॅक्टर अधूनमधून. १४ वर्षांपूर्वी केलेला तीन इंची कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटची जमीन, मधोमध फुटला आहे. शटरच्या बाजूची कड पावसाळ्यात पाऊण इंच वर येते आणि डाव्या भिंतीलगत जमीन खचली आहे. वरची घोटाई, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला सिमेंटचा थर, उडाल्यामुळे रोज सिमेंटची धूळ निघते, तेलाचे डाग आहेत ते वेगळेच. ठेकेदार म्हणतो इपॉक्सी रंग मारू, मेहुणे म्हणतात पार्किंग टाइल बसवा, शेजाऱ्यांनी पेव्हर ब्लॉक टाकले आहेत. तुमचा स्वतःचा ओढा शहाबादी फरशीकडे आहे, कारण वडिलांच्या जुन्या घरात ती अजून शाबूत आहे. यातलं काय निवडावं?

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. जुना कोबा पूर्ण काढा, खालची काळी माती अडीच फूट उपसा, चांगला मुरूम थराथराने दाबून भरा आणि त्यावर लोखंडी जाळीचं पाच इंची काँक्रीट करा. एवढी खोदाई आत्ता शक्य नसेल, तर ८० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक टाका. इपॉक्सी आणि टाइल या दोन्ही गोष्टी तुमच्या जागेवर आज करू नका. पण हे सगळं तुमच्या वर्णनावरून बांधलेलं अनुमान आहे. पैसे खर्च करण्याआधी दोन-तीन गोष्टी स्वतः तपासा, त्यातून चित्र बदललं तर निर्णयही बदलेल.

मी २६ वर्षं परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात बांधकामं करतो. घरांपेक्षा गोदामं, शेड आणि वर्कशॉपच्या फरश्या माझ्याकडे जास्त आल्या. या भागात फरशी वरून झिजून खराब झाली असं फार कमी वेळा दिसतं. ती खालून बिघडते. शटरची कड पावसाळ्यात वर येते, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा दिसेनाशा होतात. माती पाणी पिऊन फुगलेली असते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून लांब सरकतात, वाळलं की पुन्हा जवळ येतात. रानात जे होतं तेच शेडखालीही होतं, फक्त एकसारखं होत नाही. कोब्याच्या मधल्या भागाला ऊन-पाऊस लागत नाही, त्यामुळे तिथली ओल सावकाश बदलते. कडांना मात्र पत्र्याचं पाणी मिळतं, अंगणातली ओल मिळते आणि उन्हाळ्यात त्याच सगळ्यात आधी वाळतात. म्हणून कडा दरवर्षी वरखाली होतात, मधला भाग जागेवर राहतो आणि तीन इंचांचा बिनसळईचा कोबा मधोमध मोडतो. तुमची मधली भेग बहुधा अशीच आली आहे.

डाव्या भिंतीलगत खचण्याचं कारण वेगळं असू शकतं. तिथे पन्हाळीचा पाइप उतरतो का? बोअरच्या मोटारीची लाइन तिथून जाते का? जवळ कडुनिंब किंवा बाभळीसारखं मोठं झाड आहे का? मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी बरीच ओल ओढून घेतं आणि तेवढाच कोपरा खाली बसतो. आणि एक कारण आपल्याकडे फार कॉमन आहे, पण ठेकेदार ते सांगत नाहीत: घूस. धान्याची पोती किंवा पेंड शेडमध्ये असेल तर घूस भिंतीच्या कडेने पोखरत जाते. कोबा काही काळ नुसता पुलासारखा तरंगत राहतो आणि एक दिवस ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली बसतो. मी पूर्णा भागातल्या एका शेडमध्ये कोबा फोडला तेव्हा खाली घमेलं मावेल एवढी पोकळी होती. वरून फक्त केसाएवढी चीर दिसत होती.

आता तपासण्या. पहिली, हातोडीने ठोकून पाहणं. अर्धा किलोची हातोडी घ्या आणि दर दोन फुटांवर हलके ठोके द्या. भरीव जागी आवाज ठणठणीत येतो, पोकळ जागी भदभद येतो. खडूने पोकळ जागांभोवती रेघ मारा. दुसरी, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही कोपरे आणि मधल्या भागाची लेव्हल काढा, ती भिंतीवर खुणा करून तारखेसह लिहा. भेगेच्या दोन्ही टोकांनाही पेन्सिलने तारीख टाका. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं की हालचाल चालू आहे की थांबली ते कळतं. दोन मौसमांच्या खुणा असतील तर मी डोळे झाकून सल्ला देईन.

तिसरी तपासणी म्हणजे उकरणं. भेगेजवळ एक बाय एक फुटाचा चौकोन फोडा आणि दीड फूट खाली जा. किती इंच कोबा आहे, खाली सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आहे का, मुरूम आहे का, की थेट काळी माती, हे डोळ्यांनी पाहा. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत जे कळतं ते कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. बालाघाटाच्या माथ्यावर, म्हणजे बीड-धाराशिवच्या बऱ्याच भागांत, फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या काही वस्त्यांत तर थेट काळा दगड लागतो. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठी मात्र काळी माती खोल असते. म्हणूनच संभाजीनगरच्या नातेवाइकाकडे दहा वर्षं टिकलेली टाइल परभणीत तीन वर्षांत का फुटते, याचं उत्तर टाइलच्या कंपनीत शोधण्यात अर्थ नाही.

खड्ड्यातून निघालेली माती फेकू नका. ती उन्हात वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. दोन सरळ उभ्या काचेच्या ग्लासांत सारखी, मोजून दोन-दोन चमचे माती घ्या. एकात रॉकेल ओता, दुसऱ्यात पाणी. काडीने ढवळून हवा निघू द्या आणि २४ तास ठेवून द्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलमधल्या उंचीच्या दीडपट झाली, तर ५० टक्के फुगली असं समजा. त्यापुढे गेली की हलक्या बांधकामाला ती माती त्रास देणारी धरतात. ही काही माझी युक्ती नाही. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात हीच चाचणी १० ग्रॅम माती आणि मापाच्या नळ्या घेऊन दिली आहे. घरच्या ग्लासात अचूक आकडा येत नाही, पण अंदाज पुरेसा येतो. नेमका आकडा हवा असेल तर नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विचारा.

या गोष्टी मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, तर मी स्वतः एकदा त्या केल्या नव्हत्या. सुरुवातीच्या वर्षांतलं काम, परभणीतच. मालकाला मुलीच्या लग्नाआधी शेड हवी होती. मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना, वरची सहा इंच माती काढली, थोडा मुरूम पसरला आणि चार इंचांचं सुंदर काँक्रीट केलं. घोटाई अशी की तोंड दिसावं. ऑगस्टमध्ये मालकाचा निरोप आला, शटर खाली बसत नाही. जाऊन पाहिलं तर पुढची कड इंचभर वर. शटरची पट्टी कापून काम भागवलं, तर जानेवारीत तिथेच खालून फट पडली आणि उंदीर आत. लग्नाच्या मांडवात ज्या फरशीचं कौतुक ऐकलं होतं, ती तिसऱ्या वर्षी मी माझ्या खर्चाने फोडली.

आता तुमच्यासमोरचे पर्याय.

इपॉक्सी हा मुळात रंगाचा थर आहे, हे आधी लक्षात घ्या. रोलरने मारलेला थर जेमतेम मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. ओतून समतल होणारा प्रकार दोन-तीन मिलिमीटरचा. दिसायला देखणा, तेल पुसलं की जातं, धूळ बंद. पण खालची भेग हलली की तो त्याच रेघेवर फाटतो. खालून ओल वर येत असेल तर फोड येतात. तुमच्याकडे १४ वर्षांपूर्वी कोब्याखाली प्लास्टिक टाकलं असण्याची शक्यता कमी आहे. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर इपॉक्सीचा विषय तिथेच संपला. शिवाय तेल मुरलेल्या काँक्रीटवर तो धरत नाही, मशिनने घासून ताजा पृष्ठभाग काढावाच लागतो. अॅसिडने धुऊन भागवणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. आपल्याकडे अजून एक अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत रस्त्यावरून आलेलं टायर तापलेलं असतं. गाडी उभी राहिली की हलक्या प्रतीचा थर टायरला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढताना पोपडा निघतो. उघड्या शटरमधून ऊन येतं तेवढी पट्टी पिवळी पडते. नवं, चांगलं काँक्रीट झाल्यावर, किमान २८ दिवसांनी, ओल तपासून हौसेने करायचं असेल तर जरूर करा, आणि वर ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा थर घ्या. आजच्या कोब्यावर नको.

पार्किंग टाइलबद्दल मेहुण्यांचं अगदीच चुकीचं नाही. १२ ते १६ मिलिमीटरची, खरबरीत पृष्ठभागाची टाइल कारचं वजन सहज पेलते. टायरमधली हवा ३०–३५ पौंडांची असते, त्यामुळे चाकाचा दाब पसरतो. टाइल फोडतो तो जॅक. जॅकचं बूड तळहाताएवढं असतं आणि गाडीचं एक अंग त्यावर उभं राहतं. आणि तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे. हायड्रॉलिक सोडताना नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरचं पातं खाली टेकलं की त्या जागी टाइलचं काही खरं नाही. गवंडी टाइलखाली मसाल्याचे पाच गोळे ठेवून वरून दाबतात, मधे पोकळी राहते. ती टाइल पहिल्या जॅकला फुटते. जिथे खाली खडक आहे, शेडमध्ये फक्त कार आहे आणि मिस्त्री पूर्ण पाठ भरून बसवणारा आहे, तिथे मी टाइलला होकार देतो. या तिन्ही अटींपैकी तुमच्याकडे एकही नाही, निदान मिस्त्री मिळेपर्यंत तरी.

जुन्या कोब्यावरच नवा थर, हा पर्याय तुम्ही विचारला नाही, पण कुणी ना कुणी सुचवेलच. इंचभराचा नवा कोबा जुन्यावर टिकत नाही. दोन इंचांचा टिकू शकतो, पण जुना भरीव, स्वच्छ आणि छिन्नीने टोचून खडबडीत केलेला हवा. खालची भेग तरीही वर उमटते. शिवाय लेव्हल वाढते: शटर कापावं लागतं, पुढचा उतार उभा होतो, गाडीचं पोट घासतं आणि पाणी घराकडे वळण्याची भीती. तुमच्या जागेवर हा विचारही नको.

पेव्हर ब्लॉकबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण काळ्या मातीशी जमवून घेणारी ती एकच गोष्ट या यादीत आहे. जमीन हलली तर ब्लॉक मोडत नाहीत, वरखाली होतात. दोन वर्षांनी एखादा भाग बसला तर तेवढे ब्लॉक उचला, खाली चुरी भरा, पुन्हा बसवा. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. ब्लॉकखाली पाइप फुटला तरी काही फोडावं लागत नाही. पण लोक तीन ठिकाणी चुकतात. एक, ६० मिलिमीटरचे ब्लॉक घेतात. ते अंगणाला आणि कारला ठीक, ट्रॅक्टर आला की ८० हवेत. दोन, कडेला बांध घालत नाहीत. शेडच्या तोंडाशी काँक्रीटचा खोल बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा ठोकळा, नसेल तर ब्रेक लागताना आणि चाक वळताना ब्लॉक बाहेर सरकत जातात आणि सांधे उघडतात. तीन, खाली सहा-आठ इंच वाळू ओततात. वाळूचा थर एक-दीड इंचाच्या पुढे नको. जाड वाळू म्हणजे काळ्या मातीच्या डोक्यावर ठेवलेला पाण्याचा हौद. सांध्यांतून गेलेलं पाणी तिथे साठतं आणि माती सावकाश पीत राहते. वाळूच्या खाली निदान एक फूट दाबलेला मुरूम हवा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. गाडी शेडमध्ये धुऊ नका, बाहेर धुवा. ब्लॉकवर तेल सांडलं तर ते आत मुरतं, डाग राहतो. ब्लॉक उलटा करून बसवता येतो, पण त्याची चौकट सगळीकडे सारखी असेल आणि वर नक्षी नसेल तरच. म्हणून साधे आयताकृती ब्लॉक घ्या.

शहाबादीबद्दल तुमच्या भावना मला कळतात. आपल्या भागातल्या किती वाड्यांच्या ओसरीला हीच फरशी आहे. तो चुनखडीचा दगड आहे, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडून येतो. तांदूरची फरशी तेलंगणातली, तीही चुनखडीचीच, अंगाने जास्त कठीण. वडिलांच्या घरात ती टिकली कारण तिच्यावरून माणसं चालली. गाडीखाली ती कोपऱ्यांना तुटते आणि तेल झपाट्याने पिते. लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, लागला की पापुद्रे सुटतात. आणि चुनखडीला बॅटरीचं अॅसिड सोसत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला फरशीवर ठेवली आणि दोन थेंब सांडले की तिथे फेस येऊन खळगा पडतो. काँक्रीटलाही अॅसिड लागतं, म्हणून बॅटरीसाठी कोपऱ्यात प्लास्टिकचा जाड ट्रे ठेवा, जमीन कुठलीही असो. शहाबादीची हौस मात्र सोडू नका, तिच्यासाठी एक चांगली जागा आहे, पुढे सांगतो.

मग काँक्रीट. तुमच्या शेडचं माप छान आहे: १२ बाय २० म्हणजे २४० चौरस फूट, पाच इंच जाडीने बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. एम-२० प्रतीला, म्हणजे एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, साधारण २३ पोती सिमेंट लागतं. ठेकेदाराने १५ पोत्यांत काम होईल असं सांगितलं तर त्याला जाडी विचारा किंवा प्रमाण विचारा, दोन्हीपैकी एक कमी असणार. चौरस फुटाचा दर विचारूच नका. खोदाई किती, मुरूम किती ब्रास, सळई किती किलो, सिमेंट किती पोती, अशी फोड मागा. मग दोन ठेकेदारांची तुलना करता येते.

खोदाई अर्ध्या-अर्ध्या भागात करा. दहा फूट आधी, दहा फूट नंतर. सगळा खड्डा एकदम उघडला आणि अवकाळी आला तर भिंतीच्या पायाशी पाणी उभं राहील. पायाच्या दगडापेक्षा खाली कधीही जाऊ नका. मुरूम भरताना सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन दाबायचं मशिन, तो नसेल तर हाताने ठोकायचा धुमस. पाणी किती? शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा. मुठीत दाबला तर लाडू व्हावा, हाताला चिखल लागू नये. दोन फूट भरावाला दाबून जवळपास पाच ब्रास होतो, सुटा सहाच्या पुढे मागवावा लागेल.

मुरूम कुठला, यावर थोडं थांबतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली गेली. तिथे थर मीटरभराच्या आसपास असतो, कारच्या शेडला मी दोन फुटांवर भागवतो. या पद्धतीतला कळीचा शब्द ‘चिकट’ आहे. नुसता खडा-वाळूसारखा मुरूम पाणी सरळ खाली सोडतो. थोडा लालसर-पिवळा, ओला केल्यावर धरणारा मुरूम बरा. पण तो स्वतः फुगणारा नको. डंपर रिकामा करण्याआधी एक घमेलं घ्या आणि तीच रॉकेल-पाण्याची चाचणी मुरमावर करा. दोन्ही ग्लासांतली उंची जवळपास सारखी हवी. काळपट मातकट मुरूम आला तर परत पाठवा, मग कुणीही नाराज होवो.

मुरमावर हजार गेजचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्यावर फूटभर चढवून. भिंतीला लागून चारही बाजूंनी अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा लावा, म्हणजे जमीन हलली तर स्लॅब भिंतीला ओढणार नाही. आठ एमएमची सळई दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर बांधा. ही जाळी वरच्या अंगाला, पृष्ठभागापासून दीड-दोन इंचांवर हवी. मजूर तिच्यावर चालून ती तळाला बसवतात आणि मग ती असून नसल्यासारखी. तीन-तीन इंचांचे काँक्रीटचे ठोकळे खाली द्या आणि ओतताना स्वतः उभे राहा. जाळीने भेग अजिबात पडणार नाही असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. भेग पडली तरी ती उघडत नाही आणि दोन्ही बाजू एका पातळीत राहतात, एवढं ती करते.

पोत्यामागे २५ लिटरच्या आत पाणी, यावर भांडा. मिस्त्रीला काँक्रीट पातळ हवं असतं, पसरायला सोपं जातं. ते पाणी नंतर वर येतं, त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई मारली जाते आणि तोच थर दोन वर्षांत धूळ होऊन उडतो. तुमच्या सध्याच्या कोब्याची धूळ मला तशीच वाटते. वर आलेलं पाणी आपोआप उडेपर्यंत थांबायचं, मग घोटायचं. मशिनवाला मिळाला तर ट्रिमिक्स करून घ्या, त्यात जास्तीचं पाणी पंपाने ओढून घेतात आणि फिरत्या पंख्याने घोटाई होते. एवढ्या छोट्या कामाला तो येत नसेल तर गावात दुसरं काम चालू असताना जोडून घ्या. घोटताना पृष्ठभाग कठीण करणारी फ्लोअर हार्डनरची पावडर जरूर टाका, ट्रॅक्टरखाली फरक पडतो. आरशासारखी गुळगुळीत घोटाई नको, ओल्या टायरने पाय घसरतो. शटरच्या दिशेला २० फुटांत अडीच इंच उतार द्या.

अर्ध्या-अर्ध्या भागात ओतल्यामुळे दहा फुटांवर आपोआप सांधा मिळतो आणि १२ बाय १० चे दोन तुकडे होतात. पाच इंची स्लॅबला हे माप योग्य आहे, वेगळा काप घ्यायची गरज नाही. सांध्यात नंतर लवचीक सीलंट भरा, सिमेंट भरू नका.

या सगळ्याआधी पाण्याला वाट करून दिली नाही तर वरचं सगळं लिहिणं वाया आहे. पत्र्याला पन्हाळ, पन्हाळीचं पाणी पाइपने भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. डाव्या बाजूने बोअरची लाइन असेल तर ती उघडून तपासा. आणि शेडभोवती तीन फुटांची बाहेर उतरती पट्टी करा. इथेच तुमची शहाबादी वापरा. ही पट्टी जमिनीबरोबर थोडी हलणारच, तिथे उचलून पुन्हा बसवता येणारी फरशी काँक्रीटपेक्षा चांगली. वडिलांच्या घरातल्या सुट्या फरश्या असतील तर त्याच आणा. सांधे मात्र भरून घ्या आणि वर्षातून एकदा, रोहिणीच्या आधी, उघडलेले सांधे पुन्हा भरा. घुशीसाठी भिंतीच्या कडेने फूटभर खोल काँक्रीटची पट्टी किंवा बारीक जाळी खोदाई उघडी असतानाच घाला. वाळवीचं औषधही तेव्हाच मारून घ्या.

कधी करावं? आमच्या अनुभवाने डिसेंबर-जानेवारी. भर पावसाळ्यानंतर लगेच माती फुगलेली असते, मेमध्ये आक्रसलेली, दोन्ही टोकं वाईट. थंडीत ती मधल्या ओलीत असते आणि काँक्रीटही सावकाश, नीट घट्ट होतं. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवा आणि लगेच ओलं गोणपाट झाका. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला १४ दिवस पाणी द्या. टँकरचं पाणी विकत घेत असाल तर आळी करून ते साठवा, म्हणजे रोज थोडंच घालावं लागतं. क्षाराच्या पाण्याने पांढरे डाग येतील, ते पुढे पुसले जातात, त्यांना घाबरून पाणी थांबवू नका. कार १४ दिवसांनी आत घ्या. ट्रॅक्टर २८ दिवसांनी, आणि पहिल्या दिवसापासून रोटाव्हेटरखाली लाकडी फळी ठेवायची सवय लावा.

खड्ड्याचे आणि दोन ग्लासांचे फोटो काढून ठेवा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर मला लगेच कळवा, तेव्हा खोदाई बरीच कमी करता येईल आणि मेहुण्यांच्या टाइलचाही नव्याने विचार करू.